शाई मुद्दाम सांडली

बडेबाबू आधी चष्मा काढायचे. दोन्ही हातांनी, कानामागच्या तारा एकेक करून सोडवून. मग तो पत्र्याच्या डबीत, डबी टेबलाच्या खणात, आणि खण बंद. हे सगळं होईपर्यंत समोरचा माणूस उभ्या उभ्या अर्धा होऊन जायचा. मग बडेबाबू त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे, जिथे कोणीच नसे तिथे बघत म्हणायचे, "हं, आता बोल. मले काही दिसून नाही राहिलं."

हे अगदी खरं होतं. चष्म्याशिवाय त्यांना चार हातांवरचा माणूस आणि भिंतीवरचा टांगलेला कोट यांत फरक कळत नसे.

गोष्ट सी. पी. अँड बेरारच्या काळातली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची. नागपुरात विद्यापीठाच्या कचेरीत मी आवक टेबलावर होतो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद घ्यायचा, त्यावर शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर, तारीख, कोणाकडून आला आणि कशाबद्दल आला ते लिहायचं आणि कागद पुढे पाठवायचा. सव्वीस वर्षांचा होतो, लग्न झालं होतं, आणि आपलं अक्षर फार सुंदर आहे असा माझा समज होता. बडेबाबू आमचे हेडक्लार्क. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण रजिस्ट्रारसाहेबांपासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना बडेबाबूच म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणतो.

तुमच्यापैकी ज्यांनी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको की कचेरीत गुपित राहत नाही. त्या काळात तर मुळीच नाही. सगळं हाताने लिहिलेलं असे, आणि आम्ही एकमेकांचं अक्षर चेहऱ्याआधी ओळखत असू. कोणी सहीनिशी तक्रार दिली तर ती साहेबांपर्यंत जाईतो पाच टेबलांवरून जायची आणि पाचही टेबलं ती वाचायची. बिनसहीची दिली तर नियमाप्रमाणे ती टोपलीत जायची, पण टोपलीत जाण्याआधी अक्षर कोणाचं यावर चर्चा व्हायची. त्यामुळे ज्याला खरोखरच काही सांगायचं असे तो काहीच सांगत नसे.

यावर बडेबाबूंनी आपल्यापुरता उपाय काढला होता. सांगणाऱ्याने तोंडी सांगायचं, बडेबाबूंनी लिहून घ्यायचं. पण चष्मा खणात. मग ते अंदाजाने कागदावर टाक फिरवायचे. ओळी वर चढायच्या, एकमेकींवर बसायच्या, कधी कागद सोडून टेबलावर उतरायच्या. माणूस गेला की चष्मा चढवून आपलंच लिहिलेलं स्वतः लावत बसायचे. "हे काय लिहिलं गा मी? 'वसतिगृहात' का 'वरणभातात'?" मग सुवाच्य नक्कल करून, नावगाव काही न घालता, स्वतःच्या हाताने ती रजिस्ट्रारसाहेबांकडे नेऊन द्यायची. कच्चा कागद घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या बंबात. ते म्हणायचे, "माह्या घरच्या बंबाले या विद्यापीठाची सारी खबर हाय."

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. ऐकून घ्यावं, आणि कोणी विचारलंच तर माहीत नाही म्हणावं.

"म्हणजे खोटं बोलाचं?"

"एवढ्यापुरतं."

"मले नाही जमत गा." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू कोणी त्यांना पोहायला बोलावलं होतं. "म्हणून मी माहीतच करून घेत नाही. माहीत नसलं का खोटं बोलाची पाळीच येत नाही."

"पण बडेबाबू, आवाज तर ओळखू येतो ना?"

ते म्हणाले, "आवाज ओळखणं म्हणजे अंदाज. अंदाज काही माहिती नाही होत." आणि घाईघाईने दौतीचं झाकण शोधू लागले. ही बाजू लंगडी आहे हे त्यांनाही कळत होतं.

खोटं बोलता न येणं हा त्यांचा गुण होता असं मी म्हणणार नाही. ती एक अडचण होती. भाचीला पाहायला काटोलचे पाहुणे आले होते. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे विचारलं, मुलीचा स्वभाव कसा आहे? बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "रागीट हाय. पण कारणाशिवाय नाही चिडत." सगळं घर गार पडलं. आतून बहिणीने कपाळावर हात मारल्याचा आवाज बाहेर आला म्हणतात. पण मुलाच्या आईने आतापर्यंत सात मुली पाहिल्या होत्या आणि सातही तिला गरीब गाय म्हणून दाखवल्या होत्या. तिने इथेच सुपारी फोडली. बडेबाबू हा किस्सा सांगत तेव्हा त्यात आपण काही गमतीचं केलं असं त्यांना वाटत नसे. मुलगी खरंच रागीट होती, एवढंच ते पुन्हा सांगत.

एकदा चष्मा काढून ते कोणाची तरी वाट पाहत बसले होते. तेवढ्यात रजिस्ट्रारसाहेब स्वतःच बाहेर आले आणि टेबलापाशी उभे राहिले. बडेबाबू त्यांच्या खांद्यापलीकडे बघत मायेने म्हणाले, "बोल, काही भिऊ नको. तुले त्रास देणारा कितीबी मोठा असो." सगळी कचेरी खाली मान घालून बसली. साहेब म्हणाले, "त्रास एवढाच आहे, की सकाळी मागितलेली फाइल अजून आली नाही." बडेबाबू उठून उभे राहिले, पण चष्मा नसल्यामुळे फाइलऐवजी जेवणाचा डबा पुढे केला. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता.

या पद्धतीने किती गोष्टी मार्गी लागल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मला कळल्याच नाहीत. पद्धत चांगली चालली होती याचा पुरावा तोच.

आता त्या उन्हाळ्याबद्दल.

परीक्षा होऊन गेल्या होत्या, उत्तरपत्रिका तपासायला गेल्या होत्या. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या. अशा एका दुपारी एका कॉलेजातला डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्रयोग करून दाखवणारा धाकटा मास्तर, आला. मी त्याला ओळखत होतो, कागद घेऊन तो नेहमी यायचा. भंडाऱ्याकडचा, बारीक, बोलताना कॉलरचं बटण चाचपायची सवय. नोकरी कच्ची. दर जुलैत त्याचे प्रोफेसर लिहून देत तेव्हा ती पुढे चालायची. घरी आई आणि शिकणारे दोन भाऊ. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बडेबाबू आहेत का?" आणि आत गेला. खण बंद झाल्याचा आवाज मी ऐकला आणि उठून व्हरांड्यात पाणी प्यायला गेलो. तशी वेळ आली की आम्ही सगळेच तहानलेले असायचो.

त्याने काय सांगितलं ते पुढे सगळ्यांनाच कळलं. त्याचे प्रोफेसर विद्यापीठाचे परीक्षक होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ते स्वतः उघडतच नसत. हा धरून दोन डेमॉन्स्ट्रेटर आणि घरातला एक पुतण्या, असे तिघे मिळून तपासत आणि प्रोफेसर खाली सही करत. तिथवर हा मुकाट्याने तपासत होता. पण या वर्षी एका मालगुजाराच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या, मुलाची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर ठेवून प्रोफेसर म्हणाले होते, "हा पास व्हायला हवा." याने त्याला पास केलं. आणि गठ्ठा दिलेल्या दिवशी परत जायचा म्हणून उरलेल्या कित्येक उत्तरपत्रिका तिघांनी नुसत्या चाळून गुण टाकले. त्यातली नापास झालेली पोरं आता घरोघरी रडत बसणार, हे त्याला सहन होईना. आपणच हे केलं आहे हेही त्याने सांगितलं. नाव फुटलं असतं तर जुलैत नोकरी तर गेलीच असती, पण साऱ्या प्रांतात दुसऱ्या कोणत्याही कॉलेजाने त्याला उभं केलं नसतं.

बडेबाबूंनी सगळं लिहून घेतलं. कोणत्या उत्तरपत्रिका ते कळल्याशिवाय साहेबांना काही करता येणार नाही, म्हणून क्रमांकांची चिठ्ठी आणून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो चिठ्ठी घेऊन आला तेव्हा बडेबाबू साहेबांकडे आत होते. तो घाईत होता. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाला, "एवढी बडेबाबूंना द्या," आणि गेला.

आता बघा, मी काय केलं. मला बडेबाबूंनीच तयार केलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "नंबर नसलेला कागद म्हणजे बेवारस. दारातून आत आला का पहिले त्याले नंबर दे, मग वाच." चार वर्षं मी तेच केलं होतं. माझा हात आपोआप शिक्क्याकडे गेला. चिठ्ठीवर ठप्पा मारला, नंबर टाकला, आणि रजिस्टर उघडून माझ्या सुंदर अक्षरात त्या डेमॉन्स्ट्रेटरचं नाव, त्याचं कॉलेज आणि 'उत्तरपत्रिकांच्या क्रमांकांबाबत' असं लिहिलं. खाली रेघही मारली.

बडेबाबू बाहेर आले. मी चिठ्ठी दिली. चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी चिठ्ठीवरचा शिक्का पाहिला.

"रजिस्टरात चढवली?"

"हो."

"कोणाकडून लिहिलं?"

मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी वाचलं. इतकी वर्षं जे पाहायचं ते टाळत आले होते, ते मी त्यांना लिहून दाखवलं होतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"बडेबाबू, माझी चूक झाली."

"तुही नाही गा," ते म्हणाले. "मीच शिकवलं." मग रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. "राहू दे. कोण पाहाले येते?" स्वतःची समजूत घालताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पण पाहायला आले. त्याचं असं झालं की बडेबाबूंनी दिलेल्या नकलेवरून साहेबांनी चौकशी लावली, उत्तरपत्रिका परत मागवल्या, आणि प्रोफेसरांना विचारणा गेली. प्रोफेसर विद्यापीठाच्या दोन-तीन समित्यांवर होते. त्यांनी साहेबांना विचारलं, कोणी सांगितलं? साहेब म्हणाले, ते गुप्त आहे, मलाही माहीत नाही. प्रोफेसर हुशार. ते भांडले नाहीत. त्यांनी समितीचा सभासद म्हणून कचेरीचं आवक रजिस्टर पाहायला मिळावं असा साधा अर्ज केला. सभासदाला तो हक्क होता. साहेबांनी त्यावर लिहिलं, उद्या अकरा वाजता दाखवावे. तो अर्जही माझ्याच टेबलावरून गेला. मीच त्याला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी कचेरीत होतो. बडेबाबू आधीच येऊन बसले होते, समोर ते रजिस्टर.

"पान काढून टाकू?" मी विचारलं.

"पानं मोजलेली हायेत. पहिल्या पानावर माही सही हाय, का यात दोनशे पानं हायेत."

"नाव खोडून टाकू."

"खोडलं तर खालचं वाचता आलं पाहिजे. नियमच तसा हाय." तोही नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता. चाकूने अक्षर खरवडलं म्हणून त्यांनी एका कारकुनाकडून माफीपत्र लिहून घेतलं होतं.

"मग दुसरं रजिस्टर घेऊ. मी एका तासात सगळी नक्कल करतो, ती ओळ सोडून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही.

हळूहळू कचेरी भरली. साडेदहाचे टोल पडले. बडेबाबू उठले, रजिस्टर माझ्या टेबलावर आणून उघडं ठेवलं. मला वाटलं आता ते चष्मा काढतील. नाही काढला. उलट नाकावर नीट बसवला. माझी दौत उचलली आणि सगळ्या कचेरीसमोर, कसलीही घाई न करता, त्या पानावर ओतली. एका ओळीवर नाही, वरच्या-खालच्या मिळून सात ओळींवर, म्हणजे कोणती ओळ हवी होती ते कळू नये. मग अंगठ्याने शाई काठापर्यंत नीट पसरवली. पानाचं काम ते नेहमी असंच नीटनेटकं करत. टीपकागद ठेवला, दाबला, उचलला. सात ओळी काळ्या झाल्या होत्या.

मी पुटपुटलो, "बडेबाबू, चुकून सांडली असं म्हणा. आम्ही सगळे पाहिलं म्हणून सांगतो."

"चुकून कुठं सांडली गा?" ते म्हणाले. "मी सांडली न."

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी एक कागद ओढला आणि रजिस्ट्रारसाहेबांच्या नावे लिहिलं. आज सकाळी साडेदहा वाजता आवक रजिस्टराच्या अमुक पानावरील अकरा ते सतरा या ओळींवर मी शाई सांडली. वाचता येऊ नये म्हणून मुद्दाम सांडली. सदर कृत्य गैरवर्तन असून त्याबद्दल माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी. खाली सही. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "नंबर टाक."

"बडेबाबू..."

"टाक गा. बेवारस नको जाऊ देऊ."

मी नंबर टाकला. 'कोणाकडून' या रकान्यापाशी हात थांबला. माझं सुंदर अक्षर तिथे येईना.

"माहं नाव लिही. पूर्ण लिही."

अकरा वाजता प्रोफेसर आले. पान पाहिलं. आधी लाल झाले, मग साहेबांकडे गेले. साहेबांनी बडेबाबूंना आत बोलावलं आणि मलाही. साहेबांच्या टेबलावर बडेबाबूंचा अर्ज होता. साहेबांना त्यांना वाचवायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"बडेबाबू, तुम्हाला चष्म्याचा त्रास आहे. चुकून सांडली असेल."

"नाही साहेब. मुद्दाम."

"नीट आठवून सांगा."

"नीट आठवते साहेब. आताच सांडली."

"काय होतं त्या ओळींत?"

"सातांपैकी एका ओळीत नाव होतं."

"कोणाचं?"

"ते नाही सांगत."

"आता तुम्हाला माहीत आहे, म्हणजे सांगितलं पाहिजे."

"माहीत हाय, म्हणूनच तर सांडली. खोटं बोलता येत नाही साहेब मले. पण चूप बसता येते."

प्रोफेसर माझ्याकडे वळले. "नोंद यांनी केली होती. यांना विचारा."

साहेबांनी विचारलं, आठवतं का? मी म्हणालो, "रोज पन्नास कागद येतात साहेब. काहीच आठवत नाही." मला थांबावंही लागलं नाही. प्रोफेसरांनी दोनदा उलटसुलट विचारलं, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं आणि वर तोंड भाबडं केलं. बडेबाबू शेजारी उभे होते. ते जमिनीकडे पाहत होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी शाईचा अंगठा रुमालाला पुसला. "तुले बरं जमलं गा," म्हणाले. त्यात शाबासकी होती की दुसरं काही, ते मी आजवर ठरवलेलं नाही. त्यांच्याकडे बघवेना, एवढं खरं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे गेल्या. मालगुजाराचा मुलगा नापास झाला, नापास झालेली बरीच पोरं पास झाली. प्रोफेसरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून गाजावाजा न करता निघालं. त्यांचा संशय शेवटी पुतण्यावर गेला. पुतण्याला नोकरीच नव्हती, त्यामुळे ती गेली नाही. जुलैत डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी पुढे चालू झाली.

आणि कचेरीचं दप्तर जाणूनबुजून बिघडवल्याबद्दल बडेबाबूंना कामावरून कमी करण्यात आलं. 'चुकून' या एका शब्दाने ते वाचले असते. हे प्रकरण ज्या समितीपुढे गेलं तिच्यातल्या एकाने तसं निरोपाने कळवलंही होतं. हुकूम बाहेर जायच्या आधी हेडक्लार्क म्हणून त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो वाचला, आणि परत पाठवला, कारण त्यात त्यांच्या अर्जाचा संदर्भ क्रमांक घालायचा राहिला होता. तो घालून आला तेव्हा पोहोच म्हणून सही केली आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती देऊन घरी गेले. आम्ही एकवीस जण होतो. फाटकापर्यंत पोहोचवायला कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. भीती वाटली, दुसरं कारण नाही.

दिवाळीत मात्र गेलो. शहरातल्या महाल भागात त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कचेरीतला म्हटल्यावर तिने आधी मागे वळून पाहिलं आणि मग हळू आवाजात विचारलं, "भाऊ, यायनं खरंच काही केलं होतं का जी? मले काही सांगत नाहीत. शेजारपाजारच्या बाया येतात न विचारतात, का वं, तुह्या मालकानं पैसे खाल्ले का?"

"नाही काकू. शाई सांडली होती."

"शाईसाठी कोणी माणसाले काढते का?"

बडेबाबू आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. तब्येतीची, हवापाण्याची चौकशी झाली. चहा झाला. कचेरीबद्दल त्यांनी एकच गोष्ट विचारली, नवीन रजिस्टराची पानं मोजून घेतली का? निघताना मी धीर करून म्हटलं, "बडेबाबू, निदान त्या डेमॉन्स्ट्रेटरला तरी सांगतो. त्याला माहीतसुद्धा नाही की त्याचं नाव रजिस्टरात चढलं होतं. तुमच्यासाठी तो चार ठिकाणी बोलेल तरी."

त्यांना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. "काहून? कशापायी सांगतं? त्याले कळलं का तो जन्मभर मान खाली घालून राहीन. आन् मग कोणाले तरी सांगन. मग ज्याच्यासाठी सांडली तेच उघडं. माहं नाव चांगलं कराले तू त्याचं नाव बाहेर काढतं का?"

"पण लोक तुमच्याबद्दल काय बोलतात..."

"बोलू दे. लोकायले बोलाले काही तरी पाहिजे." मग आवाज उतरला. "हिले तेवढं वाईट वाटते. तिले सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिची बहीण त्याच कॉलेजच्या मागं राहते."

मी शब्द दिला. खोटं सहज बोलणाऱ्या माणसाचा शब्द, पण पाळला.

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बडेबाबू गेले. निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीवर बसलेला होतो. कचेरीतून मी आणि पाणी भरणारा म्हातारा, दोघेच गेलो. बाकी शेजारचे काही, भाचीचा नवरा काटोलहून आलेला. दहा-बारा माणसं असतील. घाटाकडे जाताना वाटेत ते कॉलेज लागतं. फाटकापाशी खांदा बदलायला क्षणभर थांबलो, तर आतून तो डेमॉन्स्ट्रेटर बाहेर येत होता. आता त्याला डेमॉन्स्ट्रेटर म्हणायचं नाही. नोकरी पक्की होऊन तो प्रोफेसर झाला होता, अंगाने भरला होता, हातात पुस्तकं होती. मला ओळखून जवळ आला.

"कोण गेलं?"

"आमचे जुने बडेबाबू."

"म्हणजे ते रजिस्टरवाले? काढून टाकलेले?"

"हो. तेच."

त्याने मान हलवली. "मला भला माणूस वाटला होता हो. एकदा कामासाठी भेटलो होतो मी त्यांना. विश्वासाने बोललोही होतो. मग ऐकलं की दप्तरात भानगड करून गेले. महिनाभर मला झोप नव्हती. म्हटलं, याच्याजवळ आपण बोलून बसलो, आता हा आपलं नाव कुठे विकतो की काय." तो थोडा हसला. "पण काही झालं नाही. नशीब म्हणायचं."

शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. तिरडी दहा पावलांवर होती. बडेबाबूंना आता काहीच दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं, आणि मला इतका राग आला होता की मी पुस्तकांसकट त्या माणसाला हलवून सांगितलं असतं.

"हो," मी म्हणालो. "नशीब तुमचं चांगलं."

आत तासाची घंटा झाली. त्याने पुस्तकं काखेत धरून तिरडीला रीतीप्रमाणे हात जोडले आणि वर्गावर गेला. पुढे भाचीच्या नवऱ्याने हाक मारली, डावीकडे खांद्याला माणूस कमी पडत होता. मी पुढे झालो.